आर्टलांडचं १७५० सालचं शेतघर : ओक, माती, धूर आणि जतनाचा प्रश्न

रानजाई

उत्तर जर्मनीत ओस्नाब्रुक आणि क्लोपेनबुर्ग यांच्या मधल्या सुपीक पट्ट्याला आर्टलांड म्हणतात. तिथल्या वेडेल गावात १७५० साली एक प्रचंड शेतघर उभं राहिलं. त्याचं नाव वेलबुर्ग. आज ते मूळ जागी नाही. एकेक लाकूड उतरवून क्लोपेनबुर्गच्या खुल्या संग्रहालयात ते पुन्हा उभारलेलं आहे. या संकेतस्थळावर वाड्यांच्या जतनावर नेहमी चर्चा होते, म्हणून या घराबद्दल आणि त्याच्या जातकुळीबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं.

लाकडाचा सांगाडा आणि मधल्या चौकटी माती किंवा विटांनी भरलेल्या, या बांधणीला जर्मनीत फाखवेर्क म्हणतात. शहरांतली फाखवेर्क घरं पर्यटकांना माहीत असतात. क्वेडलिनबुर्गसारखं अख्खं गाव १९९४ साली जागतिक वारसा यादीत गेलं. शेतघरांकडे मात्र लोक कमी वळतात, आणि माझ्या मते खरी करामत तिथेच आहे. कारण उत्तरेकडच्या या घरात माणसं, गुरं, धान्य, चारा आणि चूल सगळं एकाच छपराखाली असायचं.

रचना अशी. समोरच्या त्रिकोणी भिंतीत भरलेली गाडी आत जाईल एवढा दरवाजा. आत शिरलं की लांबच लांब मधली ओसरी, तिला डीले म्हणतात. जमीन चोपून घट्ट केलेल्या मातीची, कारण मळणी इथेच व्हायची. दोन्ही बाजूंना पडव्या, त्यांत गुरं आणि घोडे, तोंडं ओसरीकडे करून, म्हणजे चारा ओसरीतूनच घालता यावा. वर माळ्यावर सगळं पीक. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला जमिनीवरच उघडी चूल, आणि तिच्या पलीकडे माणसांच्या खोल्या.

या घरांचे ढोबळ दोन प्रकार. जुन्या प्रकारात आतल्या खांबांच्या दोनच रांगा छप्पर पेलतात. बाहेरच्या भिंतींवर जवळजवळ काहीच भार नसतो, त्यामुळे त्या बुटक्या असतात आणि छप्पर जमिनीपर्यंत उतरल्यासारखं दिसतं. नंतरच्या, श्रीमंत शेतकऱ्यांच्या घरांत खांबांच्या चार रांगा आल्या. बाहेरच्या भिंतीही भार घेऊ लागल्या, उंच झाल्या, आणि पडव्यांवर धान्याला आणखी जागा मिळाली.

एवढी मोठी घरं इथेच का झाली? या भागात शेत वाटलं जात नसे. सगळी जमीन एकाच वारसाकडे जायची. नैऋत्य जर्मनीत बऱ्याच ठिकाणी सगळ्या मुलांत वाटण्या होत, तिथे शेतं आणि घरं दोन्ही लहान होत गेली.

आता धुराबद्दल. या घरांना धुराडंच नव्हतं. धूर तुळयांमधून वर चढायचा, माळ्यावरच्या धान्यातून फिरायचा आणि दरवाजातून किंवा छपराच्या टोकाशी ठेवलेल्या भोकातून बाहेर पडायचा. त्या भोकातून घुबडं आत यायची आणि उंदीर खायची. ती लोकांना हवीच असायची. धुराने धान्य वाळायचं, चुलीवर टांगलेली डुकराची मांडी महिनोन्महिने टिकायची, आणि काजळी धरलेल्या लाकडाला किडे सहसा लागायचे नाहीत. माणसांचे डोळे आणि छाती मात्र याची किंमत देत होती. एकोणिसाव्या शतकात हळूहळू धुराडी आली, चूल भिंतीआड गेली, आणि घरातल्या लाकडाला मिळणारी ही रोजची फुकट राखण थांबली.

ओस्नाब्रुकचा युस्टुस म्योझर हा अठराव्या शतकातला मोठा लेखक आणि कारभारी. त्याने या घराची मनापासून स्तुती केली आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की चुलीपाशी बसलेल्या घरधनिणीला जागचं न उठता मुलं, गडी, घोडे, गाई, दरवाजातून येणारा-जाणारा, सगळं दिसतं. हे वाचून मी अशा घरात चुलीच्या जागी उभी राहून पाहिलं. खरोखर, एका नजरेत सगळं शेत चालवता येईल अशी ती जागा आहे.

माझा मुद्दा पुढचा आहे. ही घरं टिकली ती ओक मजबूत म्हणून, असं नेहमी सांगितलं जातं. ओक मजबूत आहेच. पण तेवढ्याने तीन-तीनशे वर्षं जात नाहीत. ती टिकली कारण ती राहती होती आणि गावातल्या माणसाला, गावातल्या मालाने दुरुस्त करता येत होती. १९५०नंतर सिमेंट, अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे आणि प्लास्टिकचे रंग आले, आणि दोन-तीन दशकांत जेवढी घरं कुजली किंवा पाडली गेली, तेवढी आधी क्वचितच गेली असतील. आपल्याकडच्या जाणकारांचं काय मत?

करवंद

सुरेख लिहिलंयत. "चौकटी मातीने भरलेल्या" म्हणजे नेमकं काय? आमच्याकडे तळकोकणात कारवीच्या काठ्यांचा कूड विणून त्यावर शेणमातीचा लेप द्यायचे. आजोळचं जुनं घर तसंच होतं. तिथेही असंच का? आणि वाळवी लागत नाही का?

रानजाई

@करवंद, तत्त्व अगदी तेच. चौकटीच्या वरच्या-खालच्या लाकडांना खाचा पाडून ओकच्या फाळक्या उभ्या ठोकतात, त्यांतून वाळुंजाच्या किंवा तशाच लवचीक फांद्या विणतात आणि दोन्ही बाजूंनी गवताचा भुसा कालवलेली चिकणमाती दाबून बसवतात. वरून चुन्याचा हात. वेळ आणि पैसा असलेल्यांनी पुढे मातीऐवजी विटा भरल्या.

वाळवी उत्तर जर्मनीत जवळजवळ नाहीच. तिथले शत्रू वेगळे. एक भुंग्यांच्या अळ्या, दुसरी बुरशी. बुरशी लागायला लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर ओल लागते. माती इथे फार मोठं काम करते. लाकडातली ओल ती स्वतःकडे ओढून घेते आणि हवेत सोडते. त्यामुळे मातीत गाडलेल्या काठ्या शेकडो वर्षांनी उघडल्या तरी बऱ्याचदा खडखडीत निघतात.

तुळईवाला

मी स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे आणि लाकडी बांधकामात काम करतो, म्हणून सांध्यांबद्दल भर घालतो.

ओक हिवाळ्यात तोडायचे आणि ओला असतानाच तासायचे, कारण वाळलेला ओक हत्याराला दाद देत नाही. ओलं लाकूड सांगाड्यात बसवलं की पुढची काही वर्षं आकसत राहतं. खिळे-बोल्टवर भिस्त असती तर सांधे सैल झाले असते. म्हणून कूस (एका लाकडाच्या टोकाची जीभ) आणि साल (ती बसते ती दुसऱ्या लाकडातली खाच) करून त्यांतून लाकडी खुंटी मारतात. कुसातलं भोक सालीतल्या भोकाच्या किंचित आत पाडतात, त्यामुळे खुंटी ठोकताना सांधा आपोआप आवळला जातो. तिरप्या आधारांमुळे चौकट वाऱ्यात कलत नाही.

सगळा सांगाडा आधी जमिनीवर आडवा जुळवून बघायचे. प्रत्येक सांध्यावर पटाशीने खुणा करायचे, रोमन आकड्यांसारख्या सरळ रेघांच्या. मग सुटा करून जागेवर उभा करायचा. त्या खुणा आजही लाकडावर असतात. वेलबुर्गसारखं घर सोडवून दुसरीकडे उभारता येतं याचं अर्धं श्रेय त्या मूळ सुतारांचं आहे.

खरी कमजोर जागा म्हणजे तळाची आडवी तुळई, जोत्यावरची. सगळे खांब तिच्यावर उभे. पावसाचं पाणी उडून तिथेच येतं. ती कुजली की खांब खाली बसतात आणि वरचे सगळे सांधे ताणले जातात. चांगला सुतार अख्खं घर जॅकवर किंचित उचलून ती तुळई बदलतो, आणि खांबाचा कुजलेला पाय कापून तेवढाच नवा ओकचा तुकडा सांध्याने जोडतो. उरलेल्या जुन्या लाकडाला हात लावत नाही.

पिंपळपार

तारखा कशा कळतात? १७५० हा आकडा कागदपत्रांतून?

तुळईवाला

@पिंपळपार, सर्वसाधारणपणे दोन वाटा. दरवाजावरच्या तुळईवर साल आणि बांधणाऱ्या नवरा-बायकोची नावं कोरायची या भागात रीत होती. सोबत बहुधा बायबलमधलं एखादं वचन. नवऱ्याइतक्याच ठळकपणे बायकोचं नाव असतं, हे मला फार आवडतं.

दुसरी वाट लाकडातल्या वर्षवलयांची. बारीक पोकळ गिरमिटाने तुळईतून पेन्सिलीएवढा गाभा काढतात. वलयं कधी रुंद कधी अरुंद, तो क्रम त्या प्रदेशाच्या ओकच्या माहीत असलेल्या क्रमाशी जुळवतात. सालीखालचं शेवटचं वलय शिल्लक असेल तर झाड कोणत्या वर्षी तोडलं ते कळतं, कधी कधी ऋतूसुद्धा. आणि लाकूड ओलंच वापरायचे, त्यामुळे तोडणी आणि बांधणी यांत फारसं अंतर नसतं. मात्र एका तुळईवरून निकाल देऊ नये. जुनी लाकडं पुन्हा वापरायची पद्धत सर्रास होती.

शिलालेख

धागा उत्तम आहे, पण चित्राची दुसरी बाजू यायला हवी.

म्योझरच्या त्या घरधनिणीच्या नजरेत न येणारे लोकही होते. ओस्नाब्रुकच्या भागात मोठ्या शेतकऱ्यांच्या जमिनीवर भूमिहीन कुळं राहायची. भाड्याची झोपडी आणि जमिनीचा तुकडा, त्याबदली मालक हाक मारेल तेव्हा शेतावर काम. पोट भरेना म्हणून पुरुष उन्हाळ्यात गवत कापायला आणि पीट (दलदलीतली जळाऊ माती) खणायला हॉलंडला चालत जायचे. घरी बायका-मुलं जवसाच्या तंतूंचं सूत कातायची. एकोणिसाव्या शतकात यांतली असंख्य कुटुंबं अमेरिकेला गेली. जमीन न वाटण्याच्या रीतीने मोठी घरं झाली, तशीच ही कुळंही झाली. धाकट्या भावंडांना दुसरं काय उरत होतं?

दुसरं, क्लोपेनबुर्गचं संग्रहालय हाइनरिश ओटेनयान या शिक्षकाने १९३४ साली सुरू केलं. ते वर्ष लक्षात घ्या. आदल्याच वर्षी नाझी सरकारने वंशपरंपरागत शेतांचा कायदा केला होता. रक्त आणि माती यांचा गौरव चालू होता. जुनं शेतघर म्हणजे 'शुद्ध' जर्मन शेतकऱ्याचं प्रतीक असं मुद्दाम बिंबवलं जात होतं. या घरांच्या अभ्यासालाही त्या काळात तो वास लागला. तेव्हा जतनाचा इतिहास सांगताना कोण, कशासाठी जतन करत होतं हेही सांगायला हवं.

रानजाई

@शिलालेख, दोन्ही मुद्दे मान्य, आणि आवश्यक. खुल्या संग्रहालयांची मूळ कल्पना स्वीडनची, १८९१चं स्कान्सेन. तिचा जर्मनीतला वापर १९३०च्या दशकात वेगळ्या वाटेने गेला. पुढच्या पिढ्यांनी बरंच दुरुस्त केलं. आता खुल्या संग्रहालयांत कुळांच्या झोपड्याही आणून उभ्या केल्या आहेत, आणि त्या मोठ्या घरांच्या जवळ पाहिल्या की आकारातला फरकच पुरेसं बोलतो. शक्य असेल त्याने आधी झोपडी बघावी, मग वेलबुर्ग.

एक गोष्ट जोडते. क्लोपेनबुर्गला सुरुवातीलाच आणलेलं घर म्हणजे एल्स्टेन गावचं क्वाटमान घराण्याचं १८०५ सालचं शेतघर. एप्रिल १९४५मध्ये, युद्ध संपायला काही आठवडे असताना, ते जळालं. पुढे ते नव्याने बांधलं. आज तिथे जाणाऱ्याला हे माहीत नसेल तर तो सगळं जुनं समजून पाहतो.

दगडफूल

म्हणजे जळून नवं बांधलेलं घर संग्रहालयात मानाने उभं, आणि गावातलं खरं जुनं घर रिकामं पडून कोसळतं. मला हलवण्याची कल्पनाच पटत नाही. घर ज्या शेताचं, ज्या ओढ्याकाठचं, ज्या वाऱ्याकडे पाठ करून बांधलेलं, ते सगळं मागे राहतं. उरतो सांगाडा. पुण्यात वाडे उतरवताना जुन्या सागाचे खांब विकले जातात आणि कुठल्यातरी हॉटेलात उभे राहतात, त्यात आणि यात मला फक्त प्रमाणाचा फरक दिसतो.

रानजाई

@दगडफूल, फरक नुसता प्रमाणाचा नाही हो. हॉटेलातला खांब कुठल्या वाड्याचा, कुठल्या चौकातला, हे कुणी लिहून ठेवत नाही. संग्रहालय प्रत्येक लाकडाची नोंद करतं, जोत्याची मापं घेतं, घरातल्या माणसांची माहिती गोळा करतं. १९८०च्या दशकापासून तर काही ठिकाणी घर सुटं न करता अख्ख्या भिंती, भरलेल्या मातीसकट आणि गिलाव्यावरच्या रंगांच्या थरांसकट, लाकडी चौकटीत आवळून ट्रेलरवरून नेतात. त्यामुळे पूर्वी फेकला जाणारा मातीचा भागही वाचतो.

पण तुमच्या मूळ म्हणण्याशी मी सहमत आहे. हलवणं हा शेवटचा उपाय असावा. जर्मनीतही मत त्याच दिशेने बदललं. १९७३ साली 'इंटरेसेनगेमाइनशाफ्ट बाउअर्नहाउस' ही शेतघर बचावणाऱ्यांची संघटना सुरू झाली. मालकांनी मालकांना सल्ला द्यायचा, घर जागेवर राखायचं, हा तिचा आग्रह. १९७५ हे युरोपभर वास्तुवारसा वर्ष म्हणून पाळलं गेलं आणि १९७८मध्ये नीडरझाक्सन राज्याचा वारसा-संरक्षण कायदा आला. त्याआधीची दोन दशकं वाईट गेली होती. गडीमाणसं शहरात गेली, कापणी-मळणीची यंत्रं जुन्या दरवाजात मावेनात, गुरांना वेगळे गोठे आले. घराचं शेतीतलं कामच संपलं. मग ते पाडून 'स्वच्छ' बंगला बांधणं प्रगतीचं लक्षण ठरलं.

पोटोमॅक

एक छोटीशी भर. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या स्टॉन्टनला फ्रंटियर कल्चर म्युझियम आहे. तिथे ऱ्हाइनलांड-फाल्झ राज्यातल्या हर्ट गावचं १६८८ सालचं फाखवेर्क शेतघर आणून उभारलंय. अठराव्या शतकात त्या भागातून लोक पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनियाला आले, त्यांची पार्श्वभूमी दाखवायला. शिलालेख यांनी स्थलांतराबद्दल लिहिलं म्हणून आठवलं. ते घर वेलबुर्गच्या मानाने अगदी लहान आहे. रानजाई यांनी वाटण्यांबद्दल जे लिहिलं त्याचा अर्थ ते घर पाहिल्यावर चटकन लागतो.

माळराव

मूकवाचक आहे, आज प्रश्न अडल्यामुळे लिहितोय. आम्ही सेले शहराजवळच्या खेड्यात १८व्या शतकातलं जुनं शेतघर घेतलं आहे. नोंदणीकृत वारसा आहे. आधीच्या मालकाने पश्चिमेच्या भिंतीला खाली गुडघाभर सिमेंटचा गिलावा केलाय, आणि लाकूड व भरणी (चौकटीत भरलेली माती किंवा विटा) यांच्या मधल्या फटी सिलिकॉनने भरल्यात. एका कोपऱ्यात लाकूड बोटाने दाबलं तर आत जातंय. बायको म्हणते हिवाळ्याआधी बाहेरून जाड फोम लावून घर उबदार करू. काय करावं?

तुळईवाला

@माळराव, फोम अजिबात नको. आधी हे समजून घ्या की लाकूड आणि भरणी यांच्यात फट राहणारच. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आकसतं. पश्चिमेचा वाऱ्याचा पाऊस त्या फटीतून आत जाणार, हे जुन्या लोकांनी धरूनच चाललं होतं. आत गेलेलं पाणी माती आणि चुन्यातून पुन्हा बाहेर पडत होतं. सिलिकॉनने येण्याची वाट अर्धवट बंद होते आणि जाण्याची पूर्ण. सिमेंट तळाच्या तुळईला पाण्यात बसवून ठेवतं.

क्रम असा ठेवा : सिमेंट आणि सिलिकॉन काढा, हाताने, लाकूड न दुखावता. जोत्याजवळची माती उतारावर घ्या म्हणजे पाणी दूर जाईल. भिंत वाळू द्या, याला महिने लागतात. मग जुन्या लाकडी बांधकामाची माहिती असलेल्या सुताराकडून तपासणी. भुंगे निघालेच तर गरम हवेचा उपाय आहे. लाकडाच्या गाभ्यात ५५ अंश तासभर टिकवतात आणि अळ्या मरतात. जुन्या घरांत १९६०-७०च्या काळात मारलेली विषारी लाकूडरक्षकं असू शकतात, म्हणून घासण्याआधी नमुना प्रयोगशाळेत द्या. तुमच्याकडे लहान मुलं असतील तर हे आधी.

उबेसाठी आतून काम करा. लाकडी तंतूंचे पातळ बोर्ड, त्यावर मातीचा गिलावा, मधे पोकळी न ठेवता. जाडी बेताची ठेवा. गिलाव्यात पाण्याच्या नळ्या टाकून भिंतच कोमट ठेवता येते, लाकडालाही ते मानवतं.

रानजाई

@माळराव, एक गोष्ट सगळ्यांत आधी : हात लावण्यापूर्वी जिल्ह्याच्या वारसा-संरक्षण कार्यालयाशी बोला आणि लेखी संमती घ्या. परवानगीसाठी तर ती लागतेच, पण करातही फायदा आहे. स्वतः राहत असलेल्या नोंदणीकृत घरावर संमतीने केलेल्या खर्चाच्या दरवर्षी ९ टक्क्यांपर्यंत, अशी दहा वर्षं, करपात्र उत्पन्नातून वजावट मिळते. काम आधी आणि संमती मागून असं झालं तर ती हातची जाते. ऊर्जाबचतीच्या कायद्यातही वारसा इमारतींना सवलत आहे, त्यामुळे फोम लावायलाच हवा अशी सक्ती कुणी करू शकत नाही.

रंगाचं ठरवताना घाई नको. काळं लाकूड आणि पांढरी भरणी हीच 'पारंपरिक' असं सगळे मानतात, पण थर खरवडून तपासलं की बऱ्याच घरांत करडे, तांबडे, पिवळसर रंग निघतात. तुमच्या घराचा मूळ रंग कदाचित सिमेंटच्या वरच्या पट्ट्यात शाबूत असेल. जवसाच्या तेलाचा रंग वापरा.

माळराव

मनापासून आभार. उद्याच कार्यालयात फोन करतो. फोमचं बायकोला तुळईवाला यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, तिलाही पटलं. आणखी एक : चांगला सुतार ओळखायचा कसा? पहिला जो आला त्याने सगळी तळाची तुळई काढून काँक्रीटचा पट्टा घालू म्हटलं.

तुळईवाला

त्याला काम देऊ नका. जो आधी टोकदार हत्याराने इंच-इंच तपासून "एवढंच कुजलंय, एवढंच बदलू" म्हणेल, तो तुमचा माणूस. त्याने आधी केलेली, निदान दहा वर्षं जुनी दुरुस्ती बघायला मागा. नवी सगळीच छान दिसते.

रानजाई

आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी जर्मनीभर वारसा इमारती लोकांसाठी खुल्या असतात, १९९३पासून. त्या दिवशी खाजगी शेतघरांचे मालकही दारं उघडतात आणि कोणत्या सुताराने काय केलं ते आनंदाने दाखवतात. आजूबाजूच्या चार-पाच घरांत जाऊन या. @दगडफूल, तुम्ही कधी या बाजूला आलात तर तो रविवार गाठा. तिथली सगळी घरं आपापल्या जागेवर आहेत.